नदीचा दुसरा पट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या रुंद नदीवर अजून एकही पूल नव्हता आणि काठावरच्या सात गावांचं सगळं येणंजाणं नावेतूनच चालायचं.

या गावांच्या नावाड्यांनी मिळून नदीचा एक पट, म्हणजे नकाशा, काढला होता. जाड्याभरड्या कापडावर, काजळाच्या शाईने. ठिपका म्हणजे खडक, वेटोळं म्हणजे भोवरा, तुटक रेघ म्हणजे गाळ. कुणाची नाव कुठे घासली की तो येऊन सांगायचा आणि पटावर एक खूण वाढायची. आज्यापणज्यांनी कडेला लिहून ठेवलं होतं: हा पट कुणीही पाहावा, कुणीही उतरवून घ्यावा.

पट सांभाळायचं काम गोंदाजीकडे होतं, कारण त्याचा हात स्थिर होता. वीस वर्षं त्याने ते मनापासून केलं. हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये.

मग एकदा राजा नदीवर आला. त्याने पट पाहिला आणि खूश होऊन गोंदाजीच्या खांद्यावर शेला घातला. सात गावांच्या कामाचा शेला एकाच खांद्यावर बसला. त्या दिवसापासून गोंदाजी ‘आपला पट’ म्हणेनासा झाला. ‘माझा पट’ म्हणू लागला.

त्याच साली मोठा पूर आला. खालच्या गावात साळू नावाची नावाडीण होती. पूर ओसरल्यावर तिला दिसलं, की चिंचेच्या वळणावर पाण्याखाली नवा खडक उघडा पडला आहे. तिने येऊन गोंदाजीला सांगितलं. तो म्हणाला, बघू. ती महिन्याने पुन्हा आली. तेव्हा त्याने तिला सुनावलं, की राजाने पाहिलेल्या पटावर आता खाडाखोड होणार नाही, आणि खालच्या गावच्या बाईने त्याला नदी शिकवू नये.

पटाची शोभा बिघडू नये म्हणून खडक पटाबाहेर राहिला. नदीतून मात्र तो हलला नाही.

पंधरा दिवसांनी वरच्या गावची एक नाव पटावर भरवसा ठेवून त्या वळणाला आली आणि फुटली. तीन माणसं बुडाली. त्यांत एक बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर होती. साळूने तिला स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं. आणि गोंदाजी काय म्हणाला? नावाडी कच्चा होता, म्हणाला.

सात गावांची बैठक बसली. साळूने सगळं सांगितलं, आणि खडक मांडणार नसतील तर दुसरा पट काढावा लागेल, असंही म्हणाली. पुष्कळांच्या माना खाली गेल्या, पण तोंडं उघडली नाहीत. एक म्हातारा तेवढा म्हणाला, की झालं ते वाईट झालं, पण दोन पट झाले तर सात गावं फुटतील, तेव्हा सबुरीने घ्यावं. बुडालेल्या पोरीचा बाप समोरच बसला होता. त्याच्यादेखत सबुरीच्या गोष्टी चालल्या होत्या!

साळू उठली. “आबा,” ती गोंदाजीला म्हणाली, “पट तुमच्याकडे आहे. तुमचा नाही. शेवटचं विचारते, खडक मांडता का?”

“नाही,” गोंदाजी म्हणाला. “पटत नसेल तर वेगळी हो.”

“होते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोरं कापड घेऊन त्याच्या ओसरीवर बसली. लपून नाही, सगळ्यांसमोर. चार दिवस एकेक खूण उतरवत राहिली. गोंदाजीने तिला चोर म्हटलं, फितूर म्हटलं. तिने कडेची ओळ वाचून दाखवली आणि काम चालू ठेवलं. ज्यांनी पूर्वी खुणा सांगितल्या होत्या, त्यांची नावं पटाच्या कडेला होती, त्यांत गोंदाजीचंही होतं. तेही तिने लिहिलं. शेवटी स्वतःच्या हाताने तो खडक मांडला.

गावं फुटली, हे खरं. तीन तिच्याकडे गेली, चार गोंदाजीकडे राहिली. सख्खे भाऊ एकमेकांच्या घाटावर नाव लावीनात. साळूला त्याचं दुःख होतं, पण पट तिने मिटला नाही. जो येईल त्याचं ऐकायची, स्वतः जाऊन पाहायची, मग खूण करायची.

नदी दरवर्षी बदलत होती. साळूचा पट तिच्याबरोबर बदलत गेला.

पाचव्या वर्षी गोंदाजी लेकीला भेटायला नावेने निघाला. नाव त्याच्याच गावची होती. रुंद, शांत पाण्यात नावाड्याने नाव एकाएकी कडेला घेतली. गोंदाजीने विचारलं, इथे तर पटावर काहीच नाही, मग वळलास का?

नावाडी त्याच्याकडे न बघता म्हणाला, “आबा, तुमचा पट आम्ही तीन वर्षांपूर्वीच सोडला. घरी बायकापोरं आहेत.”

गोंदाजीने बाजूला पाहिलं. पाण्याखाली, हातभर खोलीवर, गाळाचा लांबलचक बांध पसरला होता.

सगळ्यांनी मिळून घडवलेल्या वस्तूचा राखणदार तिचा मालक होऊन बसला, की त्याला सोडून वेगळी वाट धरणं ही फितुरी नव्हे. गप्प बसणं ही फितुरी.