सहीपुरते सर

एकदा एका निवृत्त प्राध्यापकांकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला आली. प्राध्यापक गणिताचे. अडतीस वर्षे त्यांनी संभाव्यताशास्त्र शिकवले, आणि हाताखालून गेलेल्या मुलांपैकी निम्मी त्यांना अजून घाबरतात. विद्यार्थिनीला परदेशी जाऊन फायनान्शियल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घ्यायची होती. म्हणजे विमा, शेअर, चलन यांच्या व्यवहारात जी जोखीम असते, तिची गणिताने किंमत ठरवायची विद्या. मुलगी हुशार, विमा कंपनीत दोन वर्षे नोकरी केलेली. अर्जाला पाच दिवस उरले होते. यंदा हुकले तर घरचे पुढच्या वर्षी जाऊ देतील, याची तिला खात्री नव्हती.

"सर, तुम्हाला लिहायचा त्रास नको म्हणून पत्र तयारच आणलंय," ती अदबीने म्हणाली. "तुम्ही फक्त सही करा."

ही 'फक्त सही करा'ची रीत आता इतकी रुळली आहे, की तिच्यात काही गैर आहे असे म्हणणाराच विक्षिप्त ठरतो. विद्यार्थी स्वतःची स्तुती स्वतः लिहून आणतो, नाहीतर विकत आणतो, आणि गुरू चहा पिता पिता खाली नाव टाकतो. दोघांचाही वेळ वाचतो. लाज दोघांनाही वाटत नाही, आणि मला संताप येतो तो याचाच.

हे पत्र विकतचे होते. त्या गावात एक व्यापारी होता. त्याच्या पाटीवर 'परदेशी शिक्षण मार्गदर्शक' असे लिहिलेले होते, पण मी त्याला व्यापारीच म्हणणार. वाट दाखवणाऱ्याला वाटसरूकडे एकदा तरी नीट बघावे लागते.

प्राध्यापकांनी पत्र दोनदा वाचले. 'माझ्या कारकिर्दीतील सर्वोत्कृष्ट विद्यार्थिनी.' 'उपजत नेतृत्वगुण.' 'गणितात कधीही अडखळली नाही.' पत्र कोणी लिहून दिले ते तिच्याकडून काढून घेतले, कागदाची घडी घातली आणि तो तिला परत दिला.

"उद्या सकाळी या माणसाच्या ऑफिसात जाऊ," ते म्हणाले. "माझंही त्याच्याकडे काम आहे."

सर तिथेच सही करतील असे धरून मुलगी निश्चिंत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने दोघांना खुर्च्या दिल्या. "बोला काका."

"मला एक शिफारसपत्र हवंय. माझ्याबद्दल. ही माझी विद्यार्थिनी, हिच्या नावानं लिहा."

मुलगी चपापली. व्यापारी चपापला नाही. त्या धंद्यात ती सवय मोडावीच लागते.

"होऊन जाईल. विषय?"

"गणित."

"अनुभव?"

"अडतीस वर्षं."

तिसरा प्रश्न त्याने विचारला नाही. दहा मिनिटांत कागद छापून आला. प्राध्यापकांनी तो मुलीच्या हातात ठेवला. "वाच. मोठ्यानं. तूच लिहिलंयस ना."

ती वाचू लागली. "'सर अत्यंत हसतमुख व विद्यार्थिप्रिय आहेत. आधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ते हसतखेळत गणित शिकवतात. त्यांच्या वर्गात कोणालाही कधीच काही अवघड...'"

पुढचे तिच्याने वाचवेना. कागद तिने टेबलावर आपटला.

"हे कोणाबद्दल लिहिलंय तुम्ही?" ती व्यापाऱ्याला म्हणाली. "हसतखेळत? तीन वर्षांत सरांना वर्गात हसताना मी एकदा पाहिलं असेल. एका गणितावर मला अख्खा आठवडा बसवून ठेवलं, उत्तर सांगायचं नाव नाही. यांच्या घरच्या काकू दवाखान्यात होत्या तेव्हा तिथल्या बाकावर बसून माझी वही तपासली यांनी, आणि दोन पानं लाल केली. एकदा फळ्यावर यांचंच चुकलं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढं माझं नाव घेऊन सांगितलं, हिचं बरोबर होतं, मी चुकलो. यातलं एक तरी अक्षर आहे का या कागदात?"

"मॅडम, असलं घातलं की निगेटिव्ह जातं," व्यापारी शांतपणे म्हणाला. "'हसतमुख' काढून 'शिस्तप्रिय' टाकू का?"

"एवढी चिडतेस कशाला?" प्राध्यापक मध्येच म्हणाले. "स्तुतीच तर केलीय माझी."

"ओळख ना पाळख, आणि स्तुती कसली करतात सर? हा तर तुमचा..."

'अपमान' हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला. तिचे लक्ष स्वतःच्या पिशवीकडे गेले. पिशवीत तिचे पत्र होते.

"काल तुझं पत्र वाचताना मलाही असाच राग आला," प्राध्यापक म्हणाले. "म्हणे गणितात कधीही अडखळली नाही. तू किती वेळा अडखळलीस ते मी पाहिलंय. घाईत तू एकच शक्यता दोनदा मोजतेस. आणि चूक सापडेपर्यंत तुला तहानभूक लागत नाही. ती मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिला खोडून तिच्या जागी भलत्याच कोणाला उभं केलंस, आणि वर माझी सही मागितलीस. शिकायला कशासाठी चाललीस? जोखमीची खरी किंमत काढायला. त्या विद्येच्या दारात स्वतःचीच किंमत खोटी सांगायची? तुला वाटतं तू ती वाढवून सांगितलीस. मी म्हणतो, पाडून सांगितलीस."

यावर बोलला तो व्यापारी.

"मॅडम, सरांना कशाला त्रास? त्यांच्या नावाचा ईमेल आम्हीच काढतो. पत्र तिथून जातं. सहीचीसुद्धा गरज नाही. सगळे असंच करतात."

गुरू समोर जिवंत बसलेला असताना त्याच्या नावाने भलताच कोणी पत्र धाडणार, आणि याला म्हणायचे सेवा. पूर्वी याला तोतयेगिरी म्हणत.

दोघे जिना उतरून खाली आले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते, पण प्रश्न तिने सरळच विचारला. "सर, इतरांच्या त्या पत्रांपुढं तुमचं खरं पत्र फिकं पडलं तर?"

"पडेलही."

"मग माझं वर्ष जाईल. कदाचित जायचंच राहील."

"राहील. खोटा धीर मी देणार नाही. तो वर मिळतो, तयार. पत्र मी लिहीन ते माझं. मागायचं की नाही, तू ठरव."

ही गोष्ट सांगताना इथे श्रोत्यांतून कोणीतरी हमखास विचारते, "मग झाली का तिची ॲडमिशन?" विचारणारे बहुधा कोणाचे तरी वडील असतात. मी त्यांना उत्तर देत नाही. निकाल मार्चमध्ये लागायचा होता आणि ही गोष्ट डिसेंबरात संपते. मुलगी तोंडघशी पडली तर खरे बोलणे चूक ठरणार, आणि निवडली गेली तर खरे बोलणे ही एक युक्ती ठरणार, असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांच्यासाठी वर दुकान उघडे आहे.

पुढच्या सकाळी मुलीने अर्ज स्वतः उघडला. शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात तिने प्राध्यापकांचा खरा ईमेल लिहिला, म्हणजे विद्यापीठ त्यांच्याकडूनच थेट पत्र मागवणार. त्याखाली एक प्रश्न होता: 'तुमच्याविषयी लिहिलेले हे पत्र कधीही वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का?' पत्र विकत घेणारी मुलेही इथे 'हो' म्हणतात. पत्राची प्रत खिशात असते, आणि वाचणार नाही असे वचन देऊन मोकळी होतात.

तिच्याजवळ प्रत नव्हती. सर दोनदा मोजण्याबद्दल लिहितील, बहुधा पहिल्याच परिच्छेदात. आणखी काय लिहितील हे तिला जन्मात कळणार नव्हते. तो प्रश्न तिने पुन्हा एकदा वाचला. मग तिने 'हो' पुढे खूण केली आणि प्राध्यापकांना फोन लावला.

"सर, ईमेल बघा," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंय तसं लिहा. मी वाचणार नाही."