विझल्या चुलीचा राजा

ऐका चूलमाते, तुमची कहाणी. आटपाट बेट होतं. चहूकडे समुद्र, मधे पोवळ्याच्या दगडांचा कोट. तिथं तेदामा नावाचा राजा होता. त्याला एक बहीण होती, तिचं नाव कामादू. त्या देशाची रीत अशी, की भावानं राज्य करावं, बहिणीनं त्याच्या घरची चूल राखावी. चूल म्हणजे समुद्रातून आणलेले तीन धोंडे. त्यांच्यापुढं पाणी ठेवावं, मीठ ठेवावं, मूठभर तांदूळ ठेवावे, घरचं सुखदुःख सांगावं. चूल ते देवांना कळवी.

आणखी एक रीत होती. नवं घर मांडलं, की जुन्या घरच्या चुलीतली राख न्यावी, तिच्यावर विस्तव पेटवावा. ज्या घरची राख, ते घर वडील; धाकट्या घरानं वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याच्या चुलीला वाकावं. राजाच्या चुलीतली राख कोटाबाहेर गेली, तर लोक समजत, दुसरीकडे राजा उभा राहतोय.

पुढं काय झालं? एका वर्षी वादळ आलं, भात आडवं झालं. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, राळं करपलं. तिसऱ्या वर्षी ताप आला, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. राजाच्या मनात पाल चुकचुकली. माझ्या वाइटावर कोण आहे? प्रधानाकडे पाहिलं, प्रधान खोकला. का खोकला? स्वयंपाकिणीकडे पाहिलं, ती हसली. का हसली? पहारेकऱ्याकडे पाहिलं, तो खोकला नाही की हसला नाही. राजा म्हणाला, "हा तर सगळ्यांत पक्का!"

मग एके सकाळी बहीण झाकलेलं मडकं घेऊन दरवाज्याकडे जाताना दिसली. मागं पायरीवर चिमूटभर राख सांडली होती. राजानं बोट लावलं. राख कोमट होती.

"कामादू, मडक्यात काय?"

"राख, दादा."

"कुणाकडे नेतेस?"

"जिथं चूल विझली तिथं."

"नाव सांग."

"सांगता येत नाही. चुलीचा वसा आहे. अवसेला, पुनवेला चुलीपुढं बसावं. कुणाचं वाईट मागू नये. कुणाची चूल विझली, तर आपली राख द्यावी, आणि कुणाला दिली ते बोलू नये. विझल्या चुलीची घराला लाज असते."

"गोड बोलतेस. लहानपणी लबाडी केलीस, की असंच गोड बोलायचीस."

"लबाडी तू करायचास, दादा. मार मी खायची."

राजा रागानं लाल झाला. बहिणीला कोटाच्या कोपऱ्यातल्या खोपटात कोंडलं. म्हणाला, "येत्या अवसेला नाव सांग. नाहीतर बिनवल्ह्याच्या होडीत बसवीन, समुद्रात सोडीन."

आता चूल कोण राखणार? राजाला कुणाचाच भरवसा नाही. मग स्वतःच बसला. पाणी ठेवलं, मीठ ठेवलं, तांदूळ ठेवले. पहिल्यांदा म्हणाला, "माझा वैरी दाखव." नुसता धूर झाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "वैऱ्याचं घर दाखव." निखारे काळे पडले. तिसऱ्यांदा म्हणाला, "वैऱ्याचं घर जाळ." चूल विझली.

प्रधान हात जोडून म्हणाला, "महाराज, विझल्या चुलीची राख मेली, आणि राखेवाचून चकमकीचा विस्तव चालायचा नाही, तो घराला ओळखत नाही. आपली राख जिथं गेली, तिथूनच मागून आणावी लागेल. ते घर ताईसाहेबांना ठाऊक."

राजा खोपटाच्या दाराशी गेला. "आता तरी सांग." बहीण आतून म्हणाली, "होडी परवडली. तूच दारोदार विचार."

मग राजानं साधे कपडे घातले, खाली गावात आला. पहिल्या दारी म्हणाला, "राख द्याल का?" म्हातारा म्हणाला, "कोण रे तू? राजाचा हेर दिसतोस." दार लावून घेतलं. दुसऱ्या दारी गेला. तिथल्या बाईनं खालून वर न्याहाळलं. "आमच्याकडे राख नाही, चूलही नाही. आम्ही कच्चंच खातो." तिच्या मागं भात रटरटत होता. तिसऱ्या दारी गेला. तिथं नाबी नावाची कोळीण होती, नुकती तापातून उठलेली.

"राख? ये ना. साऱ्या गावात एकच राख आहे, राजाघरची. माणसं तापानं पडली, चुलीत लाकूड सारायला कुणी उरलं नाही. कामादूताई घरोघर राख देऊन गेली."

"घरोघर? एकाच घरी नाही?"

"एकाच घरी देऊन काय करायचं? बाकीच्यांनी का उपाशी मरायचं?"

राजाच्या मनात आलं, हिची राख नेली, तर ही वडील, मी धाकटा. कोळिणीच्या झोपडीला राजानं वाकायचं! रिकाम्या हातानं परत जावं. बहिणीला होडीत बसवावं. ती गेली, की राख कुठं गेली होती, कोण विचारणार?

तेवढ्यात नाबी म्हणाली, "कुणाच्या घरची चूल विझली ते सांगू नकोस हो. ताईनं बजावलंय, विचारायचं नाही."

राजाला रडू आलं. त्यानं गुडघे टेकले, दोन्ही हात पसरले. राख घेतली, धावत कोटावर आला, खोपटाचं दार उघडलं. बहिणीनं त्याचे हात पाहिले, काही विचारलं नाही. तीन धोंड्यांत राख घातली, विस्तव फुंकला. चूल पेटली.

मग पाऊस पडला, ताप उतरला. वर्षाच्या पहिल्या दिवशी राजा तांदूळ घेऊन नाबीच्या दारी गेला, सगळ्यांदेखत तिच्या चुलीला वाकला. लोक कुजबुजले, "हा इथं का? ह्याचा डाव काय?" राजा म्हणाला, "माझी चूल विझली होती. हे माझं वडील घर."

नाबी घाबरली. "अहो, विझल्या चुलीचं बोलू नये ना?"

राजा म्हणाला, "दुसऱ्याच्या चुलीचं बोलू नये. आपल्या चुलीचं सांगावं."

चूलमाता जशी त्याला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. भावाबहिणीत किंतू न येवो, कुणाची चूल न विझो. ही साठां लाटांची कहाणी पाचां लाटांत किनाऱ्याला लागली, सुफळ संपूर्ण झाली.