नीलशृंगाचे टोक

एका राज्यात उदग्रसेन नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या राज्याच्या दक्षिण टोकाला, जिथे पाऊस बारमाही मुक्कामाला असतो, तिथे नीलशृंग नावाचा पर्वत होता. अंगावर वेताचे रान, खांद्यावर झाडाएवढे नेचे आणि माथ्यावर कायमचा ढग. पायथ्याच्या वस्तीतही त्यावर चढलेला माणूस सापडत नसे. उदग्रसेनाने तीन वेळा मोहीम काढली. तिन्ही वेळा फौज चिखलाने माखून, तापाने फणफणून, वाट न सापडता परत आली.

तेव्हा राजाने आपल्या मांत्रिकाला बोलावले. म्हणाला, "मला पर्वतावर जाता येत नसेल, तर पर्वताने माझ्याकडे यावे."

मांत्रिक घार होऊन उडाला. हिऱ्याच्या दोऱ्याने त्याने नीलशृंगाचे टोक कापले आणि पंजात धरून राजवाड्यात आणले. हातभर उंचीचा निळा दगड, आत सोन्याच्या शिरा. राजाने तो सिंहासनापुढे बसवला आणि रोज सकाळी त्यावर पाय ठेवून तो दरबार भरवू लागला.

त्या वर्षापासून त्याची सुवेला नगरी खचू लागली. आधी पायऱ्या जमिनीत गेल्या, मग उंबरे, मग दारे. लोक खिडक्यांतून ये-जा करू लागले. मांत्रिक तळघरात निजला होता, तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. उदग्रसेन म्हातारा होऊन वारला आणि त्याचा थोरला मुलगा पुष्करसेन गादीवर आला. राज्याभिषेकाच्या वेळी त्यानेही रीतीप्रमाणे दगडावर पावले ठेवली. ती त्याला परत उचलता आली नाहीत. आधी पावले दगडाची झाली, मग पोटऱ्या, मग गुडघे.

पुष्करसेनाची राणी शर्वाणी रोज त्याच्या पायांना कोमट तेल चोळी. रोज तिच्या तळव्यांना गार दगडच लागे. एका सकाळी ती अशीच बसली असता दरबाराच्या खिडकीत एक थोरला धनेश पक्षी उतरला. चोच पिवळी, बाकदार; तिच्यावर शिंगासारखा मुकुट. तो माणसाच्या वाणीने बोलू लागला.

"राणी, पर्वताचा सारा भार त्याच्या टोकात असतो. टोक जिथे राहील तिथली भुई खचणारच. ते परत ने. राजाच्या छातीपर्यंत दगड चढला, की मग उपाय नाही."

"तो दगड दरबारच्या पैलवानांनाही हलवता आला नाही," राणी म्हणाली.

"त्यांनी ओढून पाहिला. विनवून कोणी पाहिले?"

शर्वाणीने दगडापुढे डोके टेकले. "पर्वतराज, तुमचे आहे ते तुम्हाला पोचते करते. चला माझ्याबरोबर." तिने हात घातला, तो दगड तान्ह्या मुलाएवढा हलका लागला. राजाची पावले त्यावरून सुटून जमिनीला टेकली, पण दगडाची झालेली ती दगडाचीच राहिली, आणि दगड अंगात वर चढतच होता.

"शर्वाणी," पुष्करसेन म्हणाला, "मला तुझ्यामागे चार पावलेही येता येत नाही."

"मी येईपर्यंत नगरी सांभाळा," ती म्हणाली आणि दगड डोक्यावर घेऊन निघाली.

राजाचा धाकटा भाऊ, सेनापती रणजय, तिच्यासोबत निघाला. लहानपणापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती: बापाला जे साधले नाही ते आपण साधायचे, नीलशृंगाच्या माथ्यावर आपले निशाण रोवायचे. हत्ती निघाले, नगारे निघाले, तंबू निघाले. दगड वेशीबाहेर पडताच नगरी खचायची थांबली; वर मात्र आली नाही.

पायथ्याशी धनेश वाट पाहत होता. "हत्ती आणि नगारे इथेच राहू देत," तो म्हणाला. "पर्वत तुम्हाला तीन जागी अडवील. मागेल ते द्यायचे. मी वाटेवर पुढे पुढे असेन."

पहिली जागा जळवांच्या रानाची. तिथे पानापानावर जळू उभी होती आणि वाट कुठेच नव्हती. रणजयाने तलवार उपसली. वरून धनेश ओरडला, "थांब! रान तुमची चव घेते आहे. घेऊ द्या." शर्वाणीने दात आवळले आणि अनवाणी पाय पुढे टाकला. जळवा घोट्याला लागल्या, पोटरीला लागल्या, मानेवर उतरल्या. तिने एकही उपटली नाही. तिच्याकडे पाहून रणजयानेही तलवार म्यान केली. पोट भरलेली जळू गळून पडे, आणि जिथे पडे तिथे रक्तवर्णी फूल उमले. त्या फुलांची ओळ आपसूक पुढे पसरत गेली आणि तिने रानातून वाट दाखवली.

रान संपले तेव्हा शर्वाणीने मान वर केली आणि तिचे पाय थबकले. नेच्यांचे छत इतके उंच होते, की त्याच्या खालीच ढग फिरत होते. शेवाळाने मढलेल्या खोडांतून पाणी ठिबकत होते, आणि सगळा पर्वत संथ श्वास घेत होता. तिला तो पायाखाली जाणवला. "भाऊजी, हा जिवंत आहे," ती हळूच म्हणाली. रणजयाने वाकून जमिनीला तळवा लावून पाहिला.

दुसरी जागा वेताच्या खिंडीची. काटेरी वेत दोन्ही बाजूंनी एकमेकांत गुंतले होते. त्यांतून घोगरा आवाज आला, "कोण जाते?"

"सुवेलेची महाराणी," शर्वाणी म्हणाली. वेत आणखी आवळले.

"कोण जाते?"

तिने डोक्यावरचा दगड सावरला. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "चोराच्या घरची सून. चोरीचा माल परत द्यायला आले आहे."

वेत सरकन बाजूला झाले. ती पार झाली आणि ते पुन्हा मिटले. मागून रणजयाचा आवाज ऐकू आला, "मी राजा उदग्रसेनाचा पुत्र!" वेतांनी त्याला कमरेपाशी विळखा घातला.

"भाऊजी, खरे काय ते सांगा!"

"जन्मदात्याला चोर म्हणू, वहिनीसाहेब? ते माझ्याने होणार नाही. तुम्ही पुढे व्हा."

शर्वाणी रडली, पण थांबली नाही. राजाच्या छातीकडे दगड सरकत होता.

तिसरी जागा माथ्याची. झाडे खुजी झाली, मग गवत, मग नुसता ओला कातळ आणि धुके. कातळाच्या कडेला धूम्रा नावाची जख्ख म्हातारी जादूगारीण बसून मागावर धुके विणत होती. तिच्यामागे पर्वताचा कापलेला माथा होता. त्यातून निळसर पाणी पाझरत होते.

"ही जखम कोणी पाहू नये म्हणून मी विणते आहे," धूम्रा म्हणाली. "आणलेस?"

"आणले, आई."

"मग लाव जागेवर."

शर्वाणीने दगड उतरवला, आणि उतरवताच तो जड झाला. पर्वत आपला भार परत मागत होता. तिने खांदा लावला, गुडघे टेकले, नखे मोडेपर्यंत रेटले. दगड बोटभर सरके आणि हातभर मागे येई. तिच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. "माझी ताकद संपली," ती कातळाला म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून कोणी धापा टाकत वर आले. रणजय होता. अंगरखा फाटलेला, हातापायांवर काट्यांचे ओरखडे.

"मी चोराचा मुलगा आहे," तो म्हणाला. "हे शब्द गळ्यातून निघायला फार वेळ लागला. सरका, वहिनीसाहेब, अर्धा भार माझा."

दोघांनी गुडघ्यांवर बसून दगड खालून उचलला, छातीपर्यंत आणला आणि कापलेल्या जागी टेकवला. दगडाने दगड धरला. सोन्याच्या शिरा खालपर्यंत उजळत गेल्या.

धूम्रेने मागावरचा धागा तोडला. सगळे धुके एकदम विरले. शर्वाणीला रानावर रान दिसले, चांदीच्या दोरीसारख्या नद्या दिसल्या, त्यांच्या पलीकडे समुद्र, आणि समुद्रावर उन्हात चालणारा पाऊस. जग एवढे मोठे असेल हे तिला कधी वाटलेच नव्हते. तिने हात जोडले.

"सेनापती," धूम्रा म्हणाली, "माथा दोन पावलांवर आहे. पर्वत चढून आलेल्या कोणाचे पाऊल आजवर त्यावर पडलेले नाही. जा, निशाण लाव."

रणजयाने कमरेचे निशाण सोडले. बराच वेळ तो टोकाकडे पाहत राहिला. मग त्याने निशाणाच्या पट्ट्या फाडल्या आणि खाली बसून वहिनीच्या रक्ताळलेल्या तळपायांना बांधल्या.

"पर्वताच्या डोक्यावर पाय द्यायला आम्ही आलो नाही," तो म्हणाला.

धूम्रा हसली. हसता हसता तिच्या सुरकुत्या उकलल्या, आणि ती शुभ्र ढग होऊन समुद्राकडे निघून गेली.

त्याच वेळी तिकडे सुवेला नगरीखाली गुरगुर झाली. भिंती उचलल्या गेल्या. गाडली गेलेली दारे मातीतून वर आली, मग उंबरे, मग पायऱ्या. लोक आपापल्या दारांत उभे राहून एकमेकांना हाका मारू लागले. राजाच्या गुडघ्यांत आधी मुंग्या आल्या, मग ऊब आली, मग रक्त खेळू लागले.

धनेशाने दोघांना पर्वत उतरवून दिला. नगरीच्या वेशीवर पुष्करसेन उभा होता, अनवाणी, धुळीत. सेवकांनी आणलेली पालखी त्याने परत पाठवली होती. शर्वाणी दिसताच तो धावत सुटला. चालायची सवय मोडली होती, म्हणून अडखळला, गुडघे फुटले, हसत उठला आणि पुन्हा धावला. त्या नगरीत पुढे जे राजे झाले ते जमिनीवर पाय टेकून बसले, आणि त्यांच्या राज्यात सर्वांचे कल्याण झाले.