किटाळ

एकदा एक म्हातारा लोहार आपल्या शिष्यासोबत भट्टीपाशी काम करत होता. शिष्य तिशीचा, हाताचा कुशल, जिभेचा मात्र जरा सैल.

"बाबा," तो म्हणाला, "सोनूकाकूवर किटाळ आलंय म्हणतात. तेलात भेसळ करते म्हणे."

सोनूकाकू पलीकडच्या आळीत एकटीच तेलाचा घाणा चालवी. तीन दिवस तिच्या दारी गिऱ्हाईक नव्हतं. बैल नुसता उभा. 'काकूच्या तेलाला हल्ली वेगळाच वास येतो', असं पारावर पहिल्यांदा कोण बोललं, हे शिष्याला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतःच बोलला होता. सहज, चार माणसं हसावीत म्हणून.

"किटाळ म्हणजे नेमकं काय हो, बाबा?" त्यानं खाली बघत विचारलं.

"घण उचल," म्हातारा म्हणाला.

लालभडक लोखंडावर घाव पडला. एक ठिणगी उडाली आणि कुडावरून शेजाऱ्याच्या कडब्यात गेली. म्हाताऱ्यानं सांडशी खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकत तो उठला, पलीकडे गेला आणि एकेक पेंढी उचलून बघू लागला.

"अहो, लोखंड गार होतंय. एवढीशी ठिणगी ती, विझली असेल."

"असेलही. पण ते कडब्याला विचारावं लागतं, घणाला नाही."

खालच्या एका पेंढीत काळं भोक पडलं होतं, आतून धुमसत होतं. म्हाताऱ्यानं ते तळव्यानं दाबून विझवलं.

"हे किटाळ. आमची जुनी माणसं उडत्या ठिणगीला हेच म्हणायची. माणसावर खोटा आळ आला, तरी हेच. घण मारणाऱ्याच्या अंगावर चामडं असतं, बाळा. त्याला चटका बसत नाही, म्हणून त्याला वाटतं, उडालं नि विझलं. आत्ता मी उठलो, पण ज्याचा घाव, त्यानंच उठून शोधायचं असतं."

पारावर कोण बोललं, हे त्यानं विचारलं नाही.

शिष्यानं अंगावरचं चामडं सोडलं. "बाबा, पारावर ते मीच बोललो होतो."

"मग पारावरूनच सुरुवात कर. ज्यांनी ऐकलं, त्या प्रत्येकाच्या दारी जा. काकूकडे शेवटी. आणि येताना तिच्याकडचं पावशेर तेल आण, दोघं भाकरीवर घेऊ."

दारातून शिष्य वळला. "आणि हे लोखंड? पार गार झालं की."

"होऊ दे," म्हातारा हसून म्हणाला. "ते पुन्हा तापवता येतं."