साळुंकीचा हुंकार

राजे पुष्कळ होते आणि लेखक मोजके, अशा जुन्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक लेखक राहत असे. त्याने एकच गोष्ट लिहिली होती. पण ती लिहिता लिहिता त्याचे निम्मे केस पांढरे झाले होते आणि उरलेले नाहीसे. राजधानीच्या जत्रेत ती एकदा लोकांपुढे सांगावी, एवढीच त्याची इच्छा होती.

जत्रेत सांगायचे तर आधी गावच्या बैठकीत सांगावे लागे. ही बैठक दर पौर्णिमेला वेशीजवळच्या धर्मशाळेत भरे. कोष्टी, वैद्य, माळीण, ज्याला जे सुचेल ते तो तिथे सांगे. सांगणाऱ्याच्या समोर एकाने बसून ‘हूं’ म्हणत राहायचे, अशी तिथली रीत होती. न पटण्याजोगे काही आले की हुंकार थांबे, आणि हुंकार थांबला की गोष्टही थांबे. नव्या माणसाने एक पावसाळाभर दुसऱ्यांना हुंकार द्यायचा, मगच तोंड उघडायचे.

लेखकाला हे फार लागले. बैठक चालवणाऱ्या म्हाताऱ्या कासारणीला तो म्हणाला, “मावशी, मी सांगायला आलोय, हूं म्हणायला नाही.”

“सांगणारे गावात रग्गड आहेत, लेखकराव,” कासारीण म्हणाली. “टंचाई आहे ती हूंची.”

लेखक घरी गेला आणि विचारात पडला. त्याच्याकडे एक पाळलेली साळुंकी होती. तिला त्याने ‘हूं’ म्हणायला शिकवले. पुढच्या पौर्णिमेला पिंजरा घेऊन तो धर्मशाळेत हजर झाला. आपल्या वतीने ही हुंकार देईल, हुंकार माणसानेच द्यावा असे कोणी ठरवलेले नाही, असे त्याचे म्हणणे पडले. खरोखरच कोणी ठरवलेले नव्हते. तशी वेळ येईल असे कोणाला वाटले नव्हते.

कोष्टी डोळे मिटून गोष्ट सांगे. साळुंकी त्याच्यासमोर बसली आणि लेखक कोपऱ्यात बसून मनातल्या मनात आपलीच गोष्ट घोळवू लागला. कोष्ट्याच्या गोष्टीत होडी बुडाली, साळुंकी हूं म्हणाली. मग त्याच होडीत बसून नावाडी पैलतीराला गेला, तरी साळुंकी हूं म्हणाली. कोष्ट्याने एक डोळा उघडला. सगळे हसले. लेखकही हसला, पण जरा उशिरा.

पावसाळा सरला आणि लेखकाची पाळी आली. समोर कोण बसणार, असे कासारणीने विचारले.

“त्यांची हुंकारी आहे की त्यांच्यापाशी,” कोष्टी म्हणाला.

लेखकाला हा मान वाटला. त्याने पिंजरा समोर ठेवला आणि गोष्ट सांगितली. ती कुठेही अडली नाही. इतकी सरळ गेलेली गोष्ट या धर्मशाळेने पाहिली नसेल, अशी त्याची खात्री झाली.

जत्रेत मैदान भरले होते. लेखकाच्या गोष्टीत एका राणीचा लहानगा मुलगा हरवतो. पुष्कळ वर्षांनी दरबारात परके तरुण येतात. त्यांतल्या एकाच्या खांद्यावरचा तीळ राणीला दिसतो आणि ती त्याला पोटाशी धरते. इथे लोकांना डोळे पुसता यावेत म्हणून लेखक क्षणभर थांबला.

पुढे बसलेल्या एका फुटाणेवाल्याने तेवढ्यात विचारले, “पण राणी जन्मांध होती ना हो?”

होती. गोष्टीच्या आरंभीच लेखकाने तसे सांगितले होते. हसू शेवटच्या रांगेपर्यंत गेले, आणि लेखकाच्या आधी गावातही पोचले.

“एवढे सगळे बसला होतात,” परतल्यावर तो बैठकीत म्हणाला. “कुणी बोलला का नाहीत?”

“बोलायची जागा हूंची असते,” कासारीण म्हणाली. “तिथे तुम्ही पिंजरा ठेवला होता.”

लेखकाने पिंजऱ्याचे दार उघडले. साळुंकी उडाली आणि धर्मशाळेच्या आढ्यावर जाऊन बसली. तिला बैठकीची गोडी लागली असावी. खाली तिच्या जागी लेखक बसला. पहिले काही हूं भलत्याच जागी पडले. मग हळूहळू त्याला ऐकू येऊ लागले. एकदा तर हूंऐवजी तो “पण...” म्हणाला, आणि कोष्ट्याची गोष्ट त्या ‘पण’वरून वळून पुष्कळ चांगली झाली.

एकदा लेखकाला यायला उशीर झाला. वैद्य हुंकार देत होता. लेखक अलगद त्याच्या जागी बसला आणि हूं म्हणाला.

“आलात वाटतं,” कोष्टी मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.

“कसं ओळखलंत?”

“हूंवरून. ते काय लपतं होय?”

लेखक त्या दिवशी घरी गेला तो सरळ लिहायलाच बसला.

पुढच्या वर्षी त्याने गोष्ट पुन्हा सांगितली. समोर कोष्टी होता. आता दरबारातली जन्मांध राणी परक्या तरुणांना भोवती बसवते आणि सांगते, कोणी बोलू नका. मग मुलाला झोपवताना ती जी गोष्ट सांगत असे, तीच सांगू लागते. सांगता सांगता घोळक्यातून एक आवाज येतो, न राहवून आल्यासारखा: हूं. राणी उठून उभी राहते.

कोष्टी हुंकार द्यायचे विसरला. कासारणीने पदर डोळ्यांना लावला. धर्मशाळेत कोणी हलेना. पुढचे सांगावे की नाही, हे लेखकाला कळेना.

अखेर आढ्यावरून साळुंकी म्हणाली, “हूं.”

लेखकाने गोष्ट पुरी केली, आणि पुढे जत्रेतही ती कुठे अडली नाही.

तात्पर्य: जो मन लावून दुसऱ्याचे ऐकतो, त्यालाच आपली गोष्ट नीट सांगता येते.