हरभऱ्यातला ओंजळभर जोंधळा

ज्यांच्या झोळीत ओंजळभराहून जास्त धान्य कधी साठले नाही, ते ओंजळनाथ महाराज त्या साली टाकळगव्हाणला मुक्कामी होते. उतरले कुठे म्हणाल, तर पाटलांच्या माडीवर नव्हे! ठकूबाईच्या शेताच्या बांधावर, बोरीच्या सावलीत. ठकूबाई एकटी विधवा बाई. जमीन अवघी दीड बिघा, पण बांधावर बोर, बाभूळ, करंज यांची दाटी. ती झाडे तिच्या धन्याने आपल्या हाताने लावली होती. सकाळी शेतात आली, की एकेका खोडाला हात लावून मगच ती विळा उचलायची.

शेजारचे रान तुळाजीराव पाटलांचे. माणूस कष्टाळू, पण ताठा असा की बोलायची सोय नाही. त्यांनी आपले बांध गवतासकट पेटवले, झाडे तोडून फांद्यांचा ढीग रचला आणि पाखरू दिसले की दगड मारायला चार गोफणवाले उभे केले. सगळे रान कसे तळहातासारखे साफ! आता त्यांच्या डोळ्यांत सलत होता तो ठकूबाईचा बांध.

पेरणीच्या दिवशी ठकूबाई हरभऱ्याचे बियाणे घेऊन पाया पडायला आली. महाराजांनी झोळीतला ओंजळभर जोंधळा तिच्या टोपलीत टाकला.

"यात मिसळून पेर, माय."

"हरभऱ्यात जोंधळा, महाराज?"

"पाहुणे येतील. त्यांना बसायला पाट नको का?"

कोण पाहुणे, कसला पाट, बिचारीला काही उमगले नाही. पण महाराजांचा शब्द! तिने मुकाट्याने बियाणे मिसळले आणि पेरले.

हरभरा फुलावर आला तेव्हा त्यात जागोजागी जोंधळ्याची ताटे डोके वर काढून उभी होती. पाटलांना हसू आवरेना. भर चावडीवर ते म्हणाले, "ठकूबाई, पेरलंस तरी काय गं? आता पुरणपोळीत कांदा घालून बघ!" गाव खो खो हसले. मग पाटलांचा आवाज चढला. "तुझ्या झाडांवरची पाखरं माझं रान खातात. यंदा तुझा हरभरा नीट घरी आला, तर बांध तुझा. नाही आला, तर झाडांवर कुऱ्हाड पडेल." नाही म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. ठकूबाईच्या तोंडचे पाणी पळाले.

घाटे धरू लागले आणि चार दिवस आभाळ दाटून राहिले. हिरव्या अळ्या पडल्या. आधी पाटलांच्या रानात! गोफणवाले आभाळाकडे डोळे लावून उभे आणि अळी त्यांच्या पायाशी घाटे पोखरतेय! काय म्हणावे या राखणीला! तिसऱ्या दिवशी ती ठकूबाईच्या वावरात शिरली. ठकूबाई रडत बोरीखाली धावली.

"महाराज, माझ्या धन्याची झाडं जातात हो!"

महाराज हसले. "अगं वेडे, पाट मांडलेस ना? मग आवतण मी देतो."

ते उठले, दोन्ही हात उंच केले आणि साद घातली, "या रे लेकरांनो, पंगत वाढलीय!"

आणि काय सांगावे ती नवलाई! करंजावरून साळुंक्या उठल्या, बाभळीवरून कोतवाल, वेडे राघू, चिमण्या. आणि लांब नदीकडून थव्यांवर थवे आले. जोंधळ्याच्या ताटाताटावर पाखरू! बसायचे, खाली नजर लावायची, झेप घालून अळी उचलायची, पुन्हा ताटावर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वावर निर्मळ झाले. ठकूबाई नुसती हात जोडून उभी होती, डोळ्यांतले पाणी पुसायचेही तिला भान नव्हते.

पाटलांच्या रानावरही थवे घिरट्या घालत, पण टेकायला काडी नाही म्हणून परत फिरत. पाटील पागोटे काखेत घेऊन बांधावर आले. "महाराज, माझ्याही रानाला बोलवा."

"आवतण तर सगळ्यांनाच दिलंय, बाबा. पण येऊन बसायचं कुठे?" महाराजांनी फांद्यांच्या ढिगाकडे बोट केले. "त्या रोव जा. गड्यांकडून नको, स्वतःच्या हाताने."

आपणच तोडलेल्या बाभळीच्या फांद्या पाटील रोवू लागले. काटे हातांत मोडले. गोफणवाल्यांनी गोफणी खाली टाकल्या. पहिली फांदी रोवून पाटील चार पावले मागे सरतात न सरतात, तोच तिच्यावर एक कोतवाल येऊन बसला. एवढा करारी माणूस, पण पोरासारखा दुसरी फांदी आणायला धावला. निम्मे पीक गेले होते, निम्मे वाचले.

पाटील महाराजांच्या पायांवर पडायला गेले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नको. पाखरांना जिने जागा ठेवली, तिच्यापुढे वाक."

पाटील वाकले. "अहो पाटील, हे काय भलतंच!" म्हणत ठकूबाई लाजून बोरीआड झाली.

सुगी संपली, ठकूबाईचा हरभरा घरी आला, महाराज पुढच्या गावी गेले. दुसऱ्या साली पेरणीच्या दिवशी तिने दार उघडले, तर उंबऱ्याबाहेर तुळाजीराव अनवाणी उभे. शेजारी हरभऱ्याची टोपली.

"ठकूबाई," त्यांनी मान खाली घालून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, "एवढा जोंधळा घाल. तुझ्या हातचा हवा."