जुना तंबोरा आणि काळी एक

"...मग बुवा, खरं कुठलं? घरात साठवलेलं, की वाहत आलेलं?"

निरंजनबुवा समईची वात सारत होते. कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात सायंभजनाची तयारी चालली होती. समोर हेरंब कोल्हटकर बसला होता. त्याचा कान तयार होता, आणि त्या तयारीची त्याला पुरेपूर जाणीव होती.

"वाहत आलेलं म्हणजे?" बुवांनी कुतूहलाने विचारले.

"इंटरनेटवरून. गाणं दूर कुठल्यातरी यंत्रात असतं. मागितलं की येतं, संपलं की जातं. माझा धाकटा भाऊ, मुकुंद, तसंच ऐकतो. मी प्रत्येक मैफल डिस्कवर उतरवून ठेवतो. अख्खी, निर्भेळ. एक श्रुती गाळलेली नाही."

"आणि मुकुंद काय म्हणतो?"

हेरंबाचा चेहरा आक्रसला.

"म्हणतो, दादा, तू गाण्याचं लोणचं घालतोस. बरण्या भरतोस, चाखत मात्र नाहीस."

बुवांना हसू आले. "मग तू?"

"मी म्हटलं, तू बस नळाखाली ओंजळ धरून. पाणी गेलं की बोंबल."

"दोघंही बरं बोलता... मग अडलं कुठं?"



"स्पीकर आम्ही जोडीनं घेतले होते, बुवा. एक त्यानं, एक मी. रोज संध्याकाळी दोघं समोर बसून ऐकायचो. आता बोलणंच बंद आहे. उद्या तो आपला स्पीकर उचलून वेगळा राहायला जातोय... तुमचा शब्द तो मोडायचा नाही. माझं बरोबर आहे, एवढंच तुम्ही सांगा. तो थांबेल."

निवाडा मागायला येणारा बहुधा तो घरूनच घेऊन आलेला असतो. त्याला हवी असते ती केवळ मोहोर.

"सांगतो," बुवा म्हणाले. "आधी तंबोरा धर."

मठाचा तसा रिवाज होता. विचारायला आलेल्याने प्रथम भजनाला साथ करावी; उत्तर त्यानंतर. बुवांनी आपला तंबोरा जुळवला आणि कोपऱ्यातला दुसरा, जुना, हेरंबापुढे ठेवला.

हेरंबाने मोबाइल काढून त्यावरच्या स्वर मोजणाऱ्या अ‍ॅपवर बुवांच्या तारांचा स्वर पाहिला. त्याला राहवले नाही.

"काळी एक! पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर, केसभरही इकडेतिकडे नाही, बुवा."

मग तो आपल्या तंबोऱ्याकडे वळला. खुंटी पिळली. तार चढली, आणखी चढली... आणि जराशी खालीच अडली. त्याने पुन्हा जोर केला. लाकूड कुरकुरले.

"जपून," बुवा म्हणाले. "भोपळा जुना आहे. याहून ताण सोसत नाही."

"मग हा चालायचा नाही. स्वराला कमी पडतो. बाजूला ठेवू?"



बुवांनी स्वतःचा तंबोरा मांडीवर घेतला, आणि खुंटी उलटी फिरवली.

हेरंब पाहतच राहिला. इतकी नेमकी लागलेली तार सैल होत होती... उतरत होती. बुवांचे डोळे मिटलेले होते, आणि कान स्वतःच्या तंबोऱ्याकडे नव्हता, जुन्याकडे होता.

"छेड," ते म्हणाले. "थांबू नकोस."

हेरंब छेडत राहिला. बुवा एकेक तार उतरवत राहिले. दोन आवाज एकमेकांवर घासत होते. ती घासण हळूहळू विरली. मग अशी एक वेळ आली, की आपल्या बोटाखालची तार कोणती आणि बुवांची कोणती, हे हेरंबाला ओळखता येईना.

समईची ज्योत स्थिर होती. मठ भरून गेला होता.

गप्प राहावे, असे हेरंबाला वाटले. पण राहवेना.

"पण बुवा... तुमचा तर बरोबर होता!"

"होता," बुवा म्हणाले. "पण एकटा होता."